शिवारातील हयगय आणि कायद्याची अपेक्षा

विहिरीत पाय घसरून माणूस गेला, हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, मजुराचा हात सापडला किंवा तुटून पडलेल्या तारेला बैल चिकटला, की आपल्या गावांतून पहिला उद्गार निघतो तो दैवाच्या नावाने. आणि मरणाच्या दारात वाद नको, गावात वैर नको, अशा समंजस भावनेने ‘अकस्मात मृत्यू’ एवढी नोंद होऊन ते प्रकरण बहुधा तेथेच मिटते. या समंजसपणाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु हिंगोली जिल्ह्यातील, सेनगाव तालुक्याच्या गोरेगावासारख्या गावी, जेथे सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद यांवर घरे चालतात, शिवारात विहिरी आणि बोअर आहेत, डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या आहेत आणि सुगीच्या दिवसांत भाड्याची यंत्रे या शेतातून त्या शेतात फिरत असतात, तेथे दैव मानूनही एक प्रश्न विचारणे भाग आहे: हा अपघात अगोदर कोणाला दिसू शकत होता, आणि तो टाळणे कोणाच्या हाती होते? हयगयीसंबंधीचा दिवाणी कायदा या एका प्रश्नावर उभा आहे. त्याचे उत्तर शोधण्याची सवय अपघातापूर्वी लागावी, आणि अपघात घडलाच तर जखमीच्या घरच्यांना आपला हक्क कोठे व कसा मागावा हे कळावे, एवढ्या दुहेरी हेतूने पुढील विवेचन केले आहे.

कर्तव्य कोणाविषयी आणि किती

करार मोडला म्हणजे नुकसानभरपाई द्यावी लागते, हे सर्वांना ठाऊक असते. पण ज्याच्याशी आपला कसलाही करार नाही, ज्याचे नावही आपल्याला माहीत नाही, अशा माणसाचेही आपण देणे लागू शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेझ्ली गावी एका बाईने मैत्रिणीने विकत घेऊन दिलेले आल्याचे पेय प्यायले आणि त्या अपारदर्शक बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार करून तिने थेट कारखानदारावर दावा लावला. पैसे तिने दिलेले नव्हते आणि कारखानदाराशी तिचा व्यवहारही झालेला नव्हता, तरीही १९३२ साली ब्रिटनच्या उमराव सभेने असा दावा चालू शकतो असे ठरविले. आपल्या कृतीचा किंवा कुचराईचा परिणाम ज्यांच्यावर होईल हे थोडा विचार करताच दिसावे, त्या सर्वांविषयी आपल्यावर दक्षतेचे कर्तव्य आहे, हे लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी त्या निकालात मांडलेले सूत्र आपल्या न्यायालयांनीही स्वीकारले आहे. या विषयावर आपल्याकडे विधिमंडळाने केलेली सलग संहिता नाही. निकालांच्या परंपरेतूनच हा कायदा वाढला आहे.

दावा लावणाऱ्यास तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: प्रतिवादीवर दक्षतेचे कर्तव्य होते, ते पाळण्यात त्याने कसूर केली, आणि त्या कसुरीमुळेच नुकसान झाले. तिन्हींपैकी एक जरी निसटली, तरी दावा पडतो. कसूर मोजण्याचे माप मात्र असामान्य नाही. त्या जागी, त्या धंद्यात, त्या परिस्थितीत एखादा समंजस मनुष्य जेवढी काळजी घेईल तेवढीच कायदा मागतो. संकट जेवढे भयंकर आणि ते टाळण्याचा खर्च जेवढा अल्प, तेवढी ही अपेक्षा कडक होते. जेथे मुले वावरतात तेथे ती आणखी वाढते, कारण मूल मुलासारखेच वागणार हे मोठ्यांनी गृहीत धरायचे असते.

या कर्तव्याला मर्यादाही आहेत. राजकोट येथे १९७५ साली रस्त्याकडेचे झाड कोसळून एक वाटसरू मृत्यू पावला. उच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली तो हुकूमनामा रद्द केला, कारण ते झाड पडेल हे महानगरपालिकेला अगोदर समजू शकत होते असे न्यायालयाला दिसले नाही. जे कोणाच्याही अंदाजात येण्यासारखे नव्हते, त्याचे खापर कायदा कोणाच्या माथी फोडत नाही. म्हणून ‘हे मला दिसू शकत होते काय?’ हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. पुढे न्यायाधीशही नेमका तोच विचारणार असतो.

विहीर आणि बोअर

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर स्त्रियांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि आपल्याच जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील गुंज गावच्या सात स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्या घटनेत कोणाची कसूर किती, हे ठरविणे या लेखाचे काम नव्हे. परंतु आपल्या शेतातील विहिरीकडे पुन्हा एकवार पाहण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे. पांदणीपासून चार पावलांवर असलेली, काठाची दगडी बांधणी ढासळलेली, तोंडाभोवती गवत व झुडपे माजल्यामुळे दहा हातांवरूनही न दिसणारी विहीर मालकाला पाठ असते, रात्रीही त्याचा पाय चुकत नाही. परगावाहून आलेल्या मजुराला, नव्या चालकाला किंवा बोरे वेचणाऱ्या पोराला मात्र ती ठाऊक नसते, आणि कर्तव्य उत्पन्न होते ते या न जाणणाऱ्यांविषयी. तेव्हा विहिरीला निदान कमरेएवढा कठडा बांधावा. तेवढी ऐपत नसल्यास भक्कम खांब रोवून काटेरी तार ओढावी, झुडपे दरसाल तोडावीत, आणि वाहनाची वाट काठापासून लांबून न्यावी.

बोअरविषयी तर सर्वोच्च न्यायालयाने लहान मुले त्यात पडून मरू लागल्यावर २०१० साली स्पष्ट निर्देशच दिले आहेत. बोअर घेण्यापूर्वी निदान पंधरा दिवस अगोदर संबंधित अधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हाधिकारी, सरपंच इत्यादींना, लेखी खबर द्यावी. बोअर मारणारी यंत्रणा नोंदणीकृत असावी. काम चालू असता मालक व यंत्रणा यांची नावे व पत्ते असलेली पाटी लावावी आणि भोवती तारेचे कुंपण करावे. केसिंगभोवती जमिनीखाली ०.३० मीटर व जमिनीवर ०.३० मीटर असा सिमेंटचा ओटा बांधावा. पाइपाच्या तोंडावर पोलादी पत्रा वेल्डिंगने किंवा मजबूत टोपण नट-बोल्टने बसवावे. आणि पाणी न लागलेला बोअर माती, वाळू, दगडगोट्यांनी तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत भरून काढावा. कोरड्या गेलेल्या बोअरवर पोते किंवा फरशीचा तुकडा टाकून निर्धास्त होणारा मनुष्य उद्या न्यायालयात ‘मला कल्पना नव्हती’ असे म्हणू शकणार नाही, कारण हे निर्देश जाहीर होऊन दीड दशक लोटले आहे.

कुंपणातील वीज

रानडुकरे आणि रोही एका रात्रीत उभे पीक फस्त करतात, ही शेतकऱ्याची व्यथा खरी आहे. परंतु त्यांच्या बंदोबस्तासाठी कुंपणाच्या तारेत थेट वीजवाहिनीतून प्रवाह सोडणे हा उपाय नव्हे, ते मृत्यूला दिलेले आवतण आहे. ‘माझ्या शेतात तो आलाच कशाला?’ हा बचाव १९६३ सालीच निकालात निघाला. बिहारमधील एका घरमालकाने आपल्या शौचकूपात परक्यांनी येऊ नये म्हणून उघड्या तांब्याच्या तारेत वीज सोडली. शेजारची स्त्री त्या तारेला लागून मेली. आणि ती विनापरवाना आली होती हे मान्य करूनही सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली. विनापरवाना येणाऱ्याला हाकलण्याचा, त्याच्यावर फिर्याद करण्याचा हक्क मालकाला आहे, त्याच्यासाठी मृत्यूचा सापळा लावण्याचा नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. जनावरांना केवळ झटका देणारी, मान्यताप्राप्त बनावटीची सौर कुंपणे बाजारात मिळतात. घरगुती किंवा शेतीच्या जोडणीवरून तार ओढण्याचा विचार मनातून कायमचा काढावा.

वीज पुरविणाऱ्या कंपनीवरील जबाबदारी तर सामान्य हयगयीच्याही पुढची आहे. मध्य प्रदेशात १९९७ साली पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेला लागून एक सायकलस्वार मृत्यू पावला. ती तार कोणा तिऱ्हाइताने आकडा टाकून ओढली होती, असा विद्युत मंडळाचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तो फेटाळला: एवढी धोकादायक वस्तू हाताळणाऱ्याने ती निसटून होणाऱ्या हानीचे उत्तर दिलेच पाहिजे, मग त्याची कसूर सिद्ध होवो वा न होवो. म्हणून लोंबकळती तार, कललेला खांब, उघडी डीपी दिसताच वीज वितरण कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोहोच घ्यावी. तोंडी सांगितलेले हवेत विरते. पोहोचेचा शिक्का असलेला कागद अपघात टाळतो, आणि टळला नाहीच तर कंपनीला धोका माहीत होता याचा तो पुरावा ठरतो.

यंत्र, ट्रॉली आणि धनी

सुगीत यंत्राच्या तोंडाशी उभे असलेल्या मजुराकडे थोडा वेळ निरखून पाहावे. भुसा डोळ्यांत जात असतो, लुगड्याचा पदर किंवा उपरण्याचा शेव सुटलेला असतो, पेंढी अडकली की ती हाताने आत रेटण्याचा मोह होतो, आणि रात्र झाली तरी ‘एवढे उरकूनच घ्या’ असा धन्याचा तगादा चालू असतो. या चारही गोष्टी धन्याला दिसतात, आणि चारहींवर इलाज त्याच्याच हाती असतो: फिरत्या पट्ट्यावर जाळी, पेंढी सरकविण्यास लाकडी दांडा, अंगासरसे कपडे, पुरेसा उजेड आणि अडकण झाल्यास प्रथम यंत्र बंद करण्याचा सक्त हुकूम. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, तेव्हा त्याच्या व्याख्येतच शक्तिचालित मळणीयंत्राचे नाव घातले, यावरून या संकटाची कल्पना यावी. ‘मजुराला धोका ठाऊक होता, तरी तो कामाला उभा राहिला’ हे उत्तर सहसा टिकत नाही, कारण पोटासाठी धोका पत्करणे म्हणजे धोक्याला मनापासून संमती देणे असे न्यायालय मानत नाही. मजुराचीही काही चूक असेल तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होऊ शकते; धन्याची जबाबदारी मात्र तेवढ्याने संपत नाही.

सालगडी किंवा चालक धन्याचे काम करीत असताना हयगयीने कोणास इजा करील, तर त्या इजेचे उत्तर धन्यालाही द्यावे लागते. धनी त्या वेळी घरी होता ही सबब चालत नाही. विनापरवान्याच्या पोराच्या हाती ट्रॅक्टर देणाऱ्याने आणि मालवाहू ट्रॉलीत मजूर बसविणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ट्रॉलीतून माणसे नेण्याची जोखीम साध्या विमापत्रात बहुधा अंतर्भूत नसते, आणि विमा कंपनीने हात वर केले म्हणजे भरपाईचा हुकूमनामा मालकाच्या शेतीवाडीपर्यंत पोहोचतो. विमापत्र आजच काढून वाचावे, आणि समजत नसेल तर वकिलाकडून समजून घ्यावे.

वैद्य आणि रुग्णालय

वैद्यकीय हयगयीवरील आपल्या देशातील एक मूलभूत निकाल पुण्याच्या खटल्यातून आला. मे १९५३ मध्ये कोकणातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास आणले. तेथे पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड बसवून प्लास्टर घातले, आणि त्याच दिवशी तो दगावला. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली डॉक्टरची जबाबदारी कायम केली आणि त्याची तीन कर्तव्ये सांगितली: रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना दक्षता, कोणता उपचार करावा हे ठरविताना दक्षता, आणि तो उपचार करताना दक्षता. रोगी बरा झालाच पाहिजे अशी हमी मात्र कायदा डॉक्टरकडून मागत नाही. त्या शाखेच्या सामान्य जाणकार वैद्याइतके कौशल्य व काळजी त्याने दाखविली असेल, तर उपचार निष्फळ ठरला एवढ्यावरून तो दोषी होत नाही.

दुसरा खटला आपल्या मराठवाड्याचाच आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. नंतर केलेल्या संततिप्रतिबंधक शस्त्रक्रियेत पोटात कापडाचा बोळा राहिला. पुन्हा पोट उघडून तो काढला, तरी काही दिवसांत ती मरण पावली. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो फिरविला, आणि ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तो पुन्हा कायम केला. शस्त्रक्रियेनंतर पोटात बोळा सापडणे ही गोष्टच हयगयीची साक्ष देते, निराळ्या पुराव्याची वाट पाहावी लागत नाही. आणि रुग्णालय चालविणे हे कल्याणाचे कार्य असल्याने ‘आम्ही सरकार आहोत’ या ढालीआड शासनाला लपता येत नाही, हे त्या निकालाचे दोन महत्त्वाचे धडे होत.

अपघातानंतर काय करावे

जखमीला दवाखान्यात पोहोचविणे हे पहिले कर्तव्य. त्यानंतरच्या पहिल्या काही तासांत पुरावा जपावा. जागेची, यंत्राची, तुटलेल्या तारेची छायाचित्रे कोणी काही हलविण्यापूर्वी काढावीत. पोलिसांत खबर देऊन तिची प्रत घ्यावी. घटनास्थळ पंचनाम्यात कठडा नव्हता, जाळी नव्हती, उजेड नव्हता या गोष्टी नमूद होतात की नाही हे घरच्या जाणत्या माणसाने जवळ उभे राहून पाहावे. मृत्यू झाल्यास शवविच्छेदनाला विरोध करू नये, कारण त्याच्या अहवालावाचून मृत्यूचे कारण सिद्ध करणे फार अवघड जाते. विजेचा अपघात असेल तर विद्युत निरीक्षकाच्या चौकशीची मागणी करावी. दवाखान्याविषयी तक्रार असेल तर रुग्णाची संपूर्ण कागदपत्रे लेखी अर्जाने मागावीत. अर्ज केल्यापासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरांच्या आचारनियमांप्रमाणे बंधनकारक आहे. आणि दुःखाच्या भरात, पुढाऱ्यांच्या मध्यस्थीने, कोऱ्या अथवा न वाचलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये.

दाद मागण्याचे मार्ग निरनिराळे आहेत आणि मुदतीही निरनिराळ्या आहेत. वाहनाच्या अपघातासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असून २०१९ च्या दुरुस्तीनुसार तेथे सहा महिन्यांत अर्ज करावयाचा असतो. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतील कसुरीबद्दल ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जाता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस तेथे शुल्क नाही. जेथे सर्वांवरच विनामूल्य उपचार होतात अशा रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी दावाच करावा लागतो. मृत्यूबद्दल वारसांचा दिवाणी दावा १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली मृत्यूपासून दोन वर्षांत दाखल व्हावा. आणि प्रतिवादी शासन असेल तर त्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणून मुदतीचा हिशेब उलट्या बाजूने मांडून लवकर निघावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खालील फौजदारी खटला या सर्वांहून वेगळा: तेथे शिक्षेसाठी कसूर अधिक गंभीर असावी लागते आणि पुरावाही निःसंशय लागतो, त्यामुळे आरोपी फौजदारीतून सुटला म्हणून दिवाणी दावा बुडाला, असे समजू नये.

शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या घरच्या माणसाच्या अपघाती मृत्यूनंतर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी कोणाची चूक दाखवावी लागत नाही, म्हणून तो अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तातडीने करावा. वकिलाच्या खर्चाने कोणी मागे सरू नये. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना मिळकतीचा विचार न करता विनामूल्य विधिसाहाय्याचा हक्क आहे. हिंगोली येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी.

आता हिशेब मांडून पाहू. पुण्याच्या खटल्यात १९५३ च्या मृत्यूबद्दल ३,००० रुपयांची भरपाई १९६८ साली अखेरची कायम झाली. औरंगाबादच्या खटल्यात ३६,००० रुपयांना तेहतीस वर्षे लागली. न्यायालय पैशापलीकडे फारसे काही देऊ शकत नाही, आणि प्रतिवादीलाही एवढी वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यातून सुटका नसते. कठड्याला, टोपणाला, जाळीला लागणारी रक्कम या दोन्ही पक्षांच्या खर्चापुढे नगण्य आहे. म्हणून गावाने एवढे करावे: येत्या ग्रामसभेत शिवारातील बिनकठड्याच्या विहिरी, उघडे बोअर आणि लोंबकळत्या तारा यांची गटक्रमांकासह यादी वाचून घ्यावी, प्रत्येकीपुढे जबाबदार माणसाचे किंवा कचेरीचे नाव लिहावे, आणि मृग निघण्यापूर्वी काम पुरे करण्याचा ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. त्या नोंदीनंतर ‘मला दिसले नव्हते’ असे म्हणण्याची सोय गावात कोणालाच उरणार नाही.